अकरा घोट

तुम्ही त्याला पास केलंत. दुसरा आरोप नाही. तुम्ही मारलं नाहीत, हाकललं नाहीत, वाईट शब्द वापरला नाहीत. आरोग्य विभागाच्या गाडीतून आलात, खुर्चीवर बसलात, एका सहा फुटी माणसाला ग्लासभर पाणी पिताना पाहिलंत, टाळ्या वाजवल्यात आणि पास करून निघून गेलात. त्या पास होण्यापायी चार महिन्यांत त्याची दोन्ही फुप्फुसं भरली. ते कसं झालं ते आता नीट ऐका, आणि मधे बोलू नका. तुमच्या बैठकीत तुम्ही बोलता नि आम्ही ऐकतो. इथे उलटं आहे.

त्याला टिल्लू म्हणतात. वय एकतीस, दारातून आत येताना मान वाकवावी लागते एवढा उंच, आणि नाव टिल्लू. जन्मला तेव्हा एवढासा होता म्हणून आजीनं हाक मारली, पुढे अंग वाढलं, नाव वाढवायचं राहून गेलं. बोलायला सहा-सात शब्द. कागदावर त्याच्या आजाराची एक लांब ओळ आहे, 'विकासात्मक दिव्यांगत्व' इथून सुरू होते आणि दुसऱ्या पानावर जाते. घरात ती कोणाला पाठ नाही. घराला पाठ आहे ते वेगळंच. सकाळी उठला की आधी खिडकी उघडतो. कोणी रडत असलं की शेजारी जाऊन बसतो, विचारत काही नाही. आणि पाणी पितो तेव्हा ते पाणी कुठल्या वाटेनं जाईल याचा भरवसा नसतो.

बाप लिफ्टचा मेकॅनिक. सगळे त्याला मिस्त्रीच म्हणतात, बायकोसुद्धा माणसांसमोर मिस्त्री म्हणते. पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या इमारतींच्या पोटात काढलेली. बायको लाँड्रीत इस्त्रीला. तिचे हात इतके भाजून निबर झालेत की उकळत्या चहाचा कप ती तळहातावर ठेवून बोलत बसते.

आणि चौथी एक बाई होती. घरातली नव्हे, पण दर मंगळवारी आणि शुक्रवारी साडेदहाला दार वाजवणारी. आरोग्य विभागाकडून यायची. टिल्लूला गिळायला शिकवणं हे तिचं काम. तिच्या पदाचं नाव तिच्या ओळखपत्रावरसुद्धा दोन ओळींत बसवलं होतं. टिल्लूच्या आईनं पहिल्याच दिवशी ते छाटून 'गिळण्याच्या बाई' करून टाकलं.

"काकू, बाहेर असं म्हणू नका हो," बाई म्हणायच्या. "लोकांना वाटेल मी माणसं गिळते."

"मग काय झालं? दबून राहतील."

सात वर्षांपूर्वी या बाईंनीच टिल्लूला मोठ्या सरकारी रुग्णालयात नेलं. एक्स-रेच्या यंत्रासमोर खुर्चीत बसवलं, खडू कालवल्यासारखं पाणी चमच्यानं पाजलं, आणि पडद्यावर त्याचं गिळणं हलताना दिसायला लागलं. मिस्त्री काचेच्या मागे उभा होता. लिफ्ट वरखाली धावते ते हजारेक शाफ्ट त्यानं आतून पाहिलेले. वीस मजल्यांचे, दोन मजल्यांचे, पाणी साठलेले, उंदरांनी वायरी कुरतडलेले. माणसाच्या गळ्यातला शाफ्ट त्यानं कधी पाहिला नव्हता.

"आता बघा," बाई म्हणाल्या. "हे माझं रेकॉर्डिंग आहे. आधी नीट गिळणं कसं असतं ते बघा, मग त्याचं दाखवते."

पडद्यावर काळी दिसणारी धार जिभेवरून मागे सरकली. त्याच क्षणी टाळूचा मागचा भाग वर उचलला जाऊन नाकाची वाट बंद. कंठ आख्खा उचलून वर. एक इवलीशी पाकळी वाकून श्वासाच्या नळीवर आडवी. श्वास थांबला. खालची झडप उघडली, धार आत गेली, झडप मिटली, कंठ खाली, श्वास चालू. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच सगळं जागच्या जागी.

मिस्त्रीच्या अंगावर काटा आला. लिफ्टमध्ये दार पूर्ण लागल्याशिवाय केबिन जागची हलत नाही, ती व्यवस्था बसवायला किती तारा, किती स्विच, किती माणसं लागतात ते त्याला माहीत होतं. इथे एकही स्क्रू नव्हता. एकाच शाफ्टमध्ये दोन वाटा, हवेची एक आणि अन्नाची एक, आणि त्यांच्यामध्ये नखाएवढी एक पाकळी.

"हे सगळ्यांचं असंच?"

"सगळ्यांचं. तुमचंसुद्धा. दिवसातून शेकडो वेळा."

"आणि मेन्टेनन्स कोण करतं?"

"मेन्टेनन्स नाही काका."

"काय सांगता! कधीच नाही?"

"कधीच नाही."

"परत लावा."

पाच वेळा लावून घेतलं त्यानं. शेवटी यंत्रावरचा माणूस म्हणाला, मला जेवायला जायचंय. मग बाईंनी टिल्लूचं लावलं. सगळं तसंच, फक्त पाकळी वाकायला उशीर. कणभर उशीर. तेवढ्यात काळ्या धारेतला एक धागा निसटला आणि चुकीच्या वाटेनं खाली उतरत फुप्फुसाकडे गेला. काचेपलीकडे टिल्लू मजेत बसला होता. खोकला नाही, ठसका नाही. उलट बापाला काचेतून बघून हसत होता.

"हे जास्त वाईट," बाई म्हणाल्या. "ठसका लागला तर कळतं तरी. याला कधी लागतो, कधी लागतच नाही."

"म्हणजे दार लागायच्या आत केबिन सुटते," मिस्त्री म्हणाला.

बाईंनी वळून त्याच्याकडे पाहिलं. "काका, कॉलेजात आम्हाला हे समजावायला दोन महिने लागले होते."

मग काम सुरू झालं. विभागाच्या दवाखान्यातून एक पावडर मिळायची. ग्लासभर पाण्यात दीड चमचा टाकली की पाणी मधासारखं दाट व्हायचं. केबिन सावकाश सोडली की दाराला लागायला वेळ मिळतो. दुसरं म्हणजे हनुवटी खाली, छातीकडे. तिसरं, एका घोटाला दोनदा गिळायचं. एवढंच. तुम्हाला वाटेल एवढं शिकायला काय लागतं? हनुवटी खाली घेणं आणि घोट घेणं या दोन गोष्टी एकापाठोपाठ करायला टिल्लूला चौदा महिने लागले. चौदा महिने दर मंगळवार, दर शुक्रवार, आणि मधल्या सगळ्या दिवशी बाप कामावरून आल्यावर. बाप समोर बसायचा, स्वतः हनुवटी खाली घ्यायचा आणि म्हणायचा, "खाली." टिल्लू छताकडे बघायचा. पुन्हा "खाली." टिल्लू बापाचं नाक धरायचा. असं हजारो वेळा. मग एका शुक्रवारी त्यानं बापाकडे पाहिलं, हनुवटी खाली नेली आणि स्वतःच म्हणाला, "खाली."

त्याच्या आयुष्यातला तो सातवा शब्द. आईनं इस्त्री उभी करून ठेवली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. बाई डोळे पुसत रजिस्टरमध्ये काहीतरी खरडत होत्या. आपल्याला जे देवानं न मागता दिलं ते या पोरानं एकेक विटेनं बांधून काढलं, असं काहीसं मिस्त्रीच्या मनात आलं, पण तो तसं बोलणारा माणूस नव्हता. तो म्हणाला, "दार लागलं."

त्यानंतर पाच वर्षं टिल्लूला छातीचा आजार झाला नाही. एकदाही नाही. त्याआधी वर्षातून तीनदा रुग्णालयात असायचा. हा आकडा तुमच्या विभागातच आहे. काढून बघा.

मग तुम्ही सुधारणा आणलीत. 'ज्याला जेवढी गरज, त्याला तेवढी सेवा.' पत्रकावरचं हे वाक्य वाचून मिस्त्रीला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. तो बायकोला म्हणाला, "बघ, अखेर कोणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला." विभागाचं माणूस घरी येणार, साठ प्रश्न विचारणार, डोळ्यांनी बघणार आणि गुण देणार. गुण जितके जास्त तितकी गरज मोठी. पन्नासच्या वर गेलात तर घरभेटी आणि औषधं चालू, खाली आलात तर बंद. हे शेवटचं वाक्य पत्रकाच्या मागच्या बाजूला होतं.

आणि इथे या घरातल्या माणसांनी चूक केली. अशी चूक जी फक्त टिल्लूसारख्यांच्या घरातच होते. तीस वर्षं ज्यांच्या पोराकडे रस्त्यावरची माणसं वळून बघतात, ज्यांना लग्नाकार्यात मागच्या खुर्च्या मिळतात, त्यांच्या घरी सरकारी माणूस पोराला बघायला येणार म्हटल्यावर ते काय करतील? ते पोराला सजवतील. त्यांना वाटलं परीक्षा आहे. परीक्षा म्हटल्यावर नापास व्हायची तयारी कोण करतं?

तीन आठवडे तयारी चालली. आईनं निळ्या शर्टाला अशी इस्त्री केली की तो हँगरशिवाय उभा राहिला असता. टिल्लूला नमस्कार करायला शिकवलं. आणि पाणी.

"दाट पाणी नको त्या दिवशी," आई म्हणाली. "ते बघून नाकं मुरडतात लोक. चिकट दिसतं. साधं पाणी पिऊ दे त्याला, माणसासारखं."

"बाईंना विचारू?"

"त्या नकोच म्हणतील. एका ग्लासानं काय होतंय? तुम्ही समोर उभे राहा की."

मिस्त्री समोर उभा राहिला. गुण भरायला आलेली विभागाची टॅबवाली बाई खुर्चीवर बसलेली, तिची पाठ दाराकडे, आणि दारात मिस्त्री. बाई स्वभावानं चांगली होती, हेही सांगायला हवं. तिनं टिल्लूशी हात मिळवला, शर्टाचं कौतुक केलं. मग प्रश्न आला: स्वतःच्या हातानं पाणी पितो का?

टिल्लूनं ग्लास उचलला. बाईच्या डोक्यावरून त्याची नजर थेट बापावर. बापानं हनुवटी खाली घेतली. टिल्लूनं घेतली. घोट. बापानं दोनदा गिळलं. टिल्लूनं दोनदा गिळलं. हनुवटी वर, श्वास, पुन्हा खाली. त्या खोलीत दोन गळे एकाच चालीवर हलत होते, एकाच्या हातात ग्लास आणि दुसऱ्याचे हात रिकामे. अकरा घोट. ग्लास रिकामा झाला, टेबलावर टेकला, एक थेंब सांडला नाही, ठसका लागला नाही. आई ओठ दाबून उभी होती. टॅबवाली बाई भारावून गेली, तिनं टाळ्या वाजवल्या, आईनं वाजवल्या, टिल्लूनंही वाजवल्या.

मिस्त्री घामानं निथळत होता. पंधरा मजल्यांवरून दोरावर लटकून काम करताना जितका घाम येतो त्याच्या दुप्पट. पण पोराकडे बघून त्याला वाटलं, याच्यासारखं काही आजवर पाहिलं नाही. बाईला मागे वळावंसं वाटलं नाही. तिच्या टॅबमध्ये 'मागे वळा' असा प्रश्न नव्हता.

महिन्याभरानं पत्र आलं. पहिली ओळ: 'सेवार्थीच्या प्रगतीबद्दल हार्दिक अभिनंदन.' दुसरी ओळ: गुण एक्केचाळीस. तिसरी ओळ: गिळण्याच्या बाई बंद, पावडर बंद, गरज भासल्यास जवळच्या सर्वसाधारण दवाखान्यात रांग लावावी.

आईनं पत्र चारदा वाचलं. "अभिनंदन कशाचं करतायत, मेले?"

सर्वसाधारण दवाखान्यातल्या डॉक्टरला रोज दीडशे पेशंट. त्यानं टिल्लूच्या उंचीकडे पाहिलं, हातातलं पत्र पाहिलं आणि म्हणाला, "थोडं थोडं पाणी द्या." पावडर तिथे नव्हती, आसपासच्या एकाही औषधाच्या दुकानात नव्हती. घरातला शेवटचा डबा आईनं पुरवून पुरवून वापरायला सुरुवात केली. दीड चमच्याचा एक केला, एकाचा अर्धा. पाणी दाटसर दिसायचं, दाट नसायचं. चौथ्या महिन्यात एका सकाळी टिल्लूनं खिडकी उघडली नाही.

अकरा दिवस तो ऑक्सिजनवर होता. मुखवटा काढून टाकायचा म्हणून बाप हात धरून बसायचा. पाणी बंद, अन्न नाकातल्या नळीतून. तहान लागली की टिल्लू हनुवटी खाली न्यायचा. मुखवट्याच्या आतून, ताप एकशे चार असताना, हनुवटी खाली. त्याला वाटायचं, आपलं काहीतरी चुकलंय म्हणून पाणी देत नाहीत. नीट करून दाखवलं की देतील. मिस्त्री त्या हनुवटीकडे बघून खोलीबाहेर गेला आणि जिन्यात कितीतरी वेळ उभा राहिला.

तो वाचला. घरी सोडताना वॉर्डातल्या नर्सनं कपाटातून पावडरचा एक डबा काढून आईच्या पिशवीत कोंबला आणि म्हणाली, "मी दिला नाही."

मग गिळण्याच्या बाई आल्या. मंगळवार नव्हता, ओळखपत्र गळ्यात नव्हतं. कामावरून परस्पर आल्या होत्या. अपिलाचा अर्ज त्यांनीच भरून दिला. सुनावणीची तारीख लागली. जायच्या आदल्या संध्याकाळी त्या पुन्हा आल्या.

"काका, समितीपुढे ते पाणी पिऊन दाखवायला सांगतील. इतरांना सांगितलंय."

"मग?"

"मग नीट प्यायला तर संपलंच. माझा अहवाल त्यांनी फाइलला लावलाय, पण ते डोळ्यांना दिसेल तेवढंच धरतात." त्यांनी खाली पाहिलं. "विभागातला एकजण मला म्हणाला, साधं पाणी द्या, मान वर असताना द्या, म्हणजे ठसका लागेल. त्याशिवाय गुण वाढणार नाहीत."

आई उठली. "म्हणजे मी माझ्या हातानं त्याला बुडवायचा?"

"मी तसं म्हणत नाहीये, काकू. एकजण म्हणाला ते सांगतेय."

"तो एकजण आला असता तर त्याच्या नाकात ओतलं असतं मी पाणी."

बाई गेल्यावर मिस्त्री बायकोला म्हणाला, "ठसका लागला नाही तर गेलो. लागला तर पोरगं गेलं. हा कसला कारभार म्हणायचा?"

"तुम्ही काय करणार?"

"माहीत नाही."

"पण त्याला पाजणार नाही ना?"

"नाही."

विभागाची इमारत सात मजली. लिफ्ट बंद होती. मिस्त्रीनं दाराच्या फटीतून आत बघायचा मोह आवरला आणि टिल्लूचा हात धरून पाच मजले चढला. खोलीत लांब टेबल, पलीकडे तीन माणसं. मधे अध्यक्षसाहेब, गोरेगोमटे, हसरे. एका बाजूला एक डॉक्टरीणबाई, दुसऱ्या बाजूला तीच टॅबवाली. टॅबवालीनं टिल्लूला ओळखलं आणि हात हलवला. टिल्लूनंही हलवला. शिपायानं साध्या पाण्याचा ग्लास आणून टिल्लूसमोर ठेवला.

मिस्त्रीनं तो उचलून स्वतःकडे घेतला.

"अहो, ते त्याच्यासाठी आहे," साहेब म्हणाले.

"त्याला देणार नाही."

"मग आम्ही बघायचं काय?"

"मी दाखवतो," मिस्त्री म्हणाला. "दोन बोटं इथे ठेवा, साहेब. कंठावर. डॉक्टरीणबाई, तुम्हीपण. ताई, तुम्हीपण."

साहेबांना गंमत वाटली असावी. त्यांनी कॉलर सैल करून बोटं ठेवली. उरलेल्या दोघींनीही ठेवली. टेबलापलीकडे तीन सरकारी माणसं स्वतःचे गळे धरून बसली.

"आता गिळा. काही नको, थुंकीच. काय झालं?"

"वर गेलं," टॅबवाली म्हणाली.

"वर गेलं ती तुमची लिफ्ट. पुन्हा गिळा. आता अर्ध्यावर थांबवा. वर गेलेला कंठ वरच धरून ठेवा. श्वास घेता येतोय?"

तिघांनी प्रयत्न केला. डॉक्टरीणबाईनं मान हलवली, नाही.

"येणारच नाही. दार लागलंय. माणूस जन्मल्यापासून मरेपर्यंत हे दार लावतो आणि त्याला ठाऊक नसतं. माझ्या पोराला ठाऊक आहे. प्रत्येक वेळी. तुम्ही बोलता बोलता चहा पिता, त्या अख्ख्या चहाएवढं लक्ष याला एका घोटाला द्यावं लागतं. दिवसाला तीनशे घोट पितो तो. मी पस्तीस वर्षं यंत्रं बघतोय, एवढी कठीण मेहनत करणारं दुसरं कोणी माझ्या बघण्यात नाही."

कोणी गळ्यावरचा हात काढला नाही. टॅबवालीनं हळूच पुन्हा गिळून पाहिलं. डॉक्टरीणबाई टिल्लूच्या गळ्याकडे बघत होती, आणि पहिल्यांदाच फाइलकडे बघत नव्हती. टिल्लू सगळ्यांकडे आळीपाळीनं बघत होता.

साहेबांना बोलायचं होतं. त्यांनी आपल्यासमोरचा ग्लास उचलला, "मिस्त्री, तुम्ही म्हणता ते अगदी..." म्हणत घोट घेतला, आणि तो घोट गेला नको तिकडे. ठसका लागला. साहेब लाल झाले, डोळ्यांत पाणी, टेबलावर हात आपटायला लागले. शिपाई पाठीत मारायला धावला. त्याच्या आधी टिल्लू उठला होता. एवढा मोठा माणूस टेबलाला वळसा घालून गेला, साहेबांच्या खुर्चीशेजारी गुडघ्यावर बसला, त्यांच्या तोंडासमोर आपलं तोंड नेलं आणि आपली हनुवटी खाली घेतली.

"खाली," तो म्हणाला.

साहेब खोकतच होते. टिल्लूनं दोन बोटं त्यांच्या हनुवटीला लावली, अगदी हलकी, जसा बाप लावायचा. "खाली."

साहेबांची हनुवटी खाली गेली. खोकला उतरत गेला. त्यांनी गिळलं. टिल्लू दुसऱ्या गिळण्याची वाट बघत थांबला, आणि साहेबांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी दुसऱ्यांदा गिळलं. मग टिल्लूनं टाळ्या वाजवल्या.

हे टिल्लूला कोणी शिकवलं नव्हतं. दुसऱ्यालाही हे लागू पडतं, दुसऱ्याच्या गळ्यातही तेच दार आहे, हे त्या पोराचं त्यानंच शोधून काढलं होतं. बापाला वाटलं, आपण इतकी वर्षं याच्यासमोर बसलो आणि याला ओळखलंच नाही.

साहेबांनी डोळे पुसले. "कमाल आहे," ते म्हणाले. मनापासून म्हणाले. "डॉक्टर, बघितलंत? याला केवढं कळतं! दुसऱ्याला ठसका लागला तर काय करायचं हेसुद्धा कळतं!"

टॅबवाली बाई स्क्रीनवर बोट फिरवत होती. तिचा आवाज बारीक झाला होता. "सर, त्रेपन्न नंबरचा प्रश्न आहे. 'इतरांच्या अडचणीची जाणीव होऊन मदत करतो का?' तेव्हा मी 'नाही' टाकलं होतं. आता 'हो' होईल."

"मग करा. करायलाच हवं."

"गुण तीननं कमी होतात, सर. अडतीस."

साहेबांचं हसू जागच्या जागी थांबलं. त्यांनी टिल्लूकडे पाहिलं, मग टॅबकडे, मग हात पसरले. "आता हे असं आहे, मिस्त्री. आकडा माझ्या हातात नसतो. प्रणाली ठरवते. आपण शिफारस करू, वर पाठवू..."

मिस्त्रीनं शिपायाच्या पुढ्यातल्या गठ्ठ्यातून एक कोरा कागद ओढला आणि साहेबांसमोर ठेवला.

"साहेब, आमच्यात लिफ्ट तपासून झाली की जो माणूस 'चालवायला हरकत नाही' म्हणतो, त्याला खाली नाव लिहून सही करावी लागते. दोर तुटला तर पोलीस त्या नावाच्या घरी जातात. प्रणालीच्या घरी जात नाहीत, तिला घर नसतं. या पत्रावर लिहिलंय, माझ्या मुलाला कोणाची गरज नाही. खाली बघा. सही आहे? नाही. 'संगणकीय पत्र, सहीची आवश्यकता नाही.' मला सही पाहिजे. तुमच्या हातानं लिहा: हा माणूस साधं पाणी, एकट्यानं, कोणी समोर नसताना पिऊ शकतो. खाली नाव. खाली तारीख."

"असं कसं लिहिता येईल?" साहेब म्हणाले.

"का नाही येणार?"

डॉक्टरीणबाईनं पेनाचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं.

"लिहिता येत नसेल तर ते खोटं आहे," मिस्त्री म्हणाला. "आणि खोटं असेल तर बाईंना मंगळवारी साडेदहाला पाठवा. एवढ्या दोनच गोष्टी आहेत, तिसरी नाही. शिफारस नको, वर पाठवणं नको. मी इथून हलत नाही. सांगा साहेब, सही करताय, का बाईंना पाठवताय?"